ऐकत नाही

मराठीतील काही क्रियापदे एकाच वेळी दोन घरी नांदतात. ‘ऐकणे’ हे त्यांपैकी एक होय. शब्द कानावर पडणे हेही ऐकणेच आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हेही ऐकणेच. ‘पोरगे ऐकत नाही’ अशी तक्रार आई शेजारणीपाशी करते, तेव्हा पोराच्या कानात काही दोष आहे असे तिला सुचवावयाचे नसते. त्याच्या मनात खोट आहे असे तिचे म्हणणे असते. हा घोटाळा आजचा नाही. ‘श्रु’ या धातूपासून ‘शुश्रूषा’, म्हणजे ऐकण्याची इच्छा, हा शब्द झाला आणि होता होता त्याचा अर्थ सेवा व आज्ञापालन असा होऊन बसला. इंग्रजीत आज्ञापालनासाठी निराळा शब्द आहे, असे मी वर्गात पुष्कळदा मोठ्या ऐटीने सांगतो. परंतु त्या शब्दाचेही मूळ शोधीत लॅटिनपर्यंत गेले की तेथे पुन्हा ऐकण्याचाच धातू आपली वाट पाहत उभा असतो. म्हणजे ज्याने ऐकले तो आज्ञाधारक आणि जो आज्ञा पाळीत नाही त्याने ऐकून न ऐकल्यासारखे केले, ही समजूत माणसाच्या मनात फार खोल रुजलेली आहे.

या दुहेरी अर्थामुळे रोजच्या व्यवहारात कोणाचे फारसे अडत नाही. तथापि कधी कधी त्यापायी एखाद्या मुलाच्या साऱ्या जन्माचे नुकसान होण्याचा संभव असतो. तो कसा, हे मला उंदरांनी शिकविले.

माझा विषय इंग्रजी वाङ्मय. नांदेडमध्ये तोच शिकविण्यात माझ्या आयुष्याची पंचवीस-सव्वीस वर्षे गेली, आणि या मुदतीत उंदरांशी माझा जो संबंध आला तो ग्रंथालयातील कुरतडलेल्या पुस्तकांपुरता. रसायनशास्त्राशी तर तेवढाही नाही. परंतु महाविद्यालयातून घरी येण्याच्या माझ्या वाटेवर सायकली व मोटारसायकली दुरुस्त करण्याचे एक दुकान आहे. आमच्या नांदेडात निजामशाही गेली तरी तिची भाषा दुकानादुकानांतून राहिलीच आहे. त्यामुळे या दुकानाच्या मालकाला सारे जण ‘उस्ताद’ म्हणतात. उस्ताद स्वभावाने भला गृहस्थ. त्याच्या हाताखाली पंधरा-सोळा वर्षांचा एक पोरगा काम करी. चाक खोलणे, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे पाहणे, कानशीने जागा घासणे, सुलेशन लावणे, ही त्याची कामे. माझी सायकल जुनी असल्याने तेथे थांबण्याचे प्रसंग मला वरचेवर येत, आणि प्रत्येक वेळी उस्तादाचे एकच पालुपद कानी पडे: ‘सर, हे पोरगं ऐकतच नाही बघा. हाक मारली की वर बघतं, पण सांगितलेलं करत नाही. सातचा पाना माग, आठचा आणून देतं. मुद्दाम करतंय.’

आता या तक्रारीतील शेवटच्या दोन शब्दांकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ‘मुद्दाम करतंय.’ पाना चुकीचा आला ही वस्तुस्थिती. तो मुद्दाम चुकविला हे अनुमान. आणि हे अनुमान उस्तादाने काही आकाशातून काढलेले नव्हते. हाक मारली की पोरगा वर पाहतो, त्या अर्थी त्याला ऐकू येते. ऐकू येऊनही चुकीचे करतो, त्या अर्थी तो ऐकत नाही. तर्कशास्त्राच्या प्राध्यापकालाही यात सहजासहजी व्यंग सापडले नसते.

दुसरी एक गोष्ट उस्तादाने आवाज खाली आणून सांगितली. सुलेशनचा डबा हल्ली लवकर संपतो. पंक्चरे तेवढीच, मग सुलेशन जाते कोठे? दुपारच्या वेळी पोरगा मागच्या अंगाला जाऊन बसतो आणि त्याच्या हातातील फडक्याला त्या डब्याचाच वास येतो.

प्राणिशास्त्र शिकविणारे माझे एक सहकारी आहेत. त्यांच्याशी बोलता बोलता मी ही हकीकत सांगितली. माझी अपेक्षा अशी की, ते व्यसनावर चार शब्द बोलतील. त्यांनी मात्र भलताच प्रश्न केला: ‘त्या मुलाला ऐकू येते का, हे कोणी पाहिले आहे काय?’ मी म्हणालो की, हाक मारली तर तो वर पाहतो. ते हसले आणि म्हणाले, ‘कॅलिफोर्नियातले उंदीरही पाहत असत.’ दुसऱ्या दिवशी त्यांनी काही जुने शोधनिबंध माझ्या मेजावर आणून ठेवले. पुढे जे लिहीत आहे ते त्या निबंधांतून आणि त्यांनी दाखविलेल्या वाटेने मी जे वाचले त्यातून आले आहे.

रबर विरघळविण्यासाठी, रंग पातळ करण्यासाठी, खाडाखोड झाकण्याच्या पांढऱ्या शाईत, असे अनेक ठिकाणी काही उडून जाणारे द्रव वापरतात. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध म्हणजे टोल्यूईन. नाव मोठे विलायती वाटते, पण ते एका झाडाच्या सुगंधी चिकावरून पडले आहे. दक्षिण अमेरिकेतील कोलंबिया देशात टोलू नावाचे गाव आहे. तेथून येणारा हा चीक खोकल्याच्या औषधात घालीत, आणि एकोणिसाव्या शतकात रसायनशास्त्रज्ञांनी त्यातून हा द्रव वेगळा काढला. आज तो दगडी कोळसा व खनिज तेल यांपासून निघतो. चरबीत सहज विरघळणे हा त्याचा गुण, आणि मेंदू हा तर बराचसा चरबीचाच बनलेला. त्यामुळे नाकावाटे गेलेली वाफ फुप्फुसांतून रक्तात आणि रक्तातून मेंदूत काही क्षणांत पोचते. अमेरिकेच्या कायद्याने कारखान्यातील मजुराला आठ तासांच्या पाळीत हवेच्या दहा लक्ष भागांत सरासरी २०० भागांपर्यंत टोल्यूईन चालते. नशेसाठी जे ओढतात त्यांच्या नाकापाशी ते कित्येक हजार भाग असते. एखाद्या वेळी हृदयाची लय बिघडून जागच्या जागी मृत्यू येतो. मिलार्ड बास या वैद्याने १९७० साली अमेरिकेतील अशा ११० आकस्मिक मृत्यूंची नोंद प्रसिद्ध केली होती.

हे व्यसन मुख्यतः मुलांचे आहे, ही त्यातील विलक्षण गोष्ट होय. दारू, गांजा, अफू या सर्वांत वडीलधाऱ्यांचा नंबर पहिला लागतो. परंतु दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली आणि २०१९ साली प्रसिद्ध झालेली देशव्यापी पाहणी असे सांगते की, हुंगण्याच्या द्रव्यांत मात्र प्रौढांचे प्रमाण शेकडा ०.५८, तर दहा ते सतरा वर्षांच्या मुलांचे शेकडा १.१७ आहे. मुलांनी मोठ्यांना मागे टाकलेले असे हे एकच व्यसन. ज्यांना या कामी मदतीची गरज आहे अशा मुलांची संख्या त्या पाहणीने ४ लक्ष ६० हजार धरली आहे. याचे कारण शोधण्यास दूर जावयास नको. ही वस्तू स्वस्त मिळते, तिच्यासाठी चोरट्या बाजारात जावे लागत नाही, आणि ती भूक मारते. २०१२ साली केंद्र सरकारने बाटलीतील पांढरी शाई व ती पातळ करण्याचा द्रव यांची किरकोळ विक्री बंद केली. लेखणीसारख्या साधनातून ती मर्यादित प्रमाणात विकावी असे ठरविले. हे चांगलेच झाले. परंतु पंक्चरचा धंदा सुलेशनवाचून चालत नाही, आणि ज्याच्या हाती सुलेशनचा डबा दिला तो पोरगाच असतो.

आता उंदरांकडे वळतो. १९८३ साली कॅलिफोर्नियात प्रायर नावाचे संशोधक व त्यांचे सहकारी यांनी नुकतेच आईचे दूध सुटलेले उंदीर घेतले व त्यांना कित्येक आठवडे टोल्यूईनची वाफ मिसळलेल्या हवेत ठेवले. नंतर त्यांना साध्या हवेत आणून त्यांची परीक्षा सुरू झाली. परीक्षा अशी: एक स्वर वाजतो, स्वर वाजताच उंदराने खांबावर चढावयाचे, न चढल्यास पायाखालच्या जाळीतून विजेचा सौम्य झटका बसतो. उंदीर ही गोष्ट लवकर शिकतात. वाफ न घेतलेले उंदीर स्वर कानी पडताच चढू लागले. वाफ घेतलेले काही उंदीर स्वर वाजला तरी स्वस्थ बसून राहत.

हे पाहून कोणीही काय म्हणेल? मेंदू बिघडला, स्मरण गेले, शिकण्याची शक्ती खुंटली. थोडा कठोर मनुष्य असेल तर म्हणेल, उंदीर निर्ढावला. उस्ताद म्हणाला असता, मुद्दाम करतोय. या संशोधकांची थोरवी अशी की, ते तेथे थांबले नाहीत. त्यांच्या परीक्षेत खुणेचे आणखीही प्रकार होते: स्वराऐवजी प्रकाश, किंवा पायाखाली जाणवेल न जाणवेल असा स्पर्श. त्यांनी स्वरही निरनिराळे लावून पाहिले. खालच्या पट्टीतला स्वर लावला की तोच ‘निर्बुद्ध’ उंदीर चढे. वरच्या पट्टीतला लावला की बसून राही. तेव्हा खांबावर केव्हा चढावयाचे हे त्याच्या पक्के ध्यानात होते. धडा तो विसरला नव्हता. घंटाच त्याला ऐकू येत नव्हती. त्याच वर्षी त्या मंडळींनी उंदरांच्या मेंदूच्या देठातून उठणारे विजेचे स्पंद मोजून या निष्कर्षाची स्वतंत्र खात्री करून घेतली. पुढे १९८८ साली दुसऱ्या संशोधकांनी अशा उंदरांचे आंतरकर्ण सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा ध्वनी टिपणाऱ्या केसाळ पेशींच्या बाहेरच्या ओळी जागोजागी नाहीशा झालेल्या दिसल्या. या पेशी एकदा गेल्या की आपणा सस्तन प्राण्यांत पुन्हा उगवत नाहीत.

१९८३ च्या त्या निबंधाचे शीर्षकच मोठे बोलके आहे. बुद्धीतील दोष तात्पुरते, असे त्यात म्हटले आहे. आणि त्याच्याच जोडीला वरच्या स्वरांचा बहिरेपणा मांडला आहे. वाफ थांबल्यावर उंदरांचे डोके बऱ्याच अंशी ताळ्यावर आले. कान मात्र गेला तो गेला. जे कायमचे गेले असे आपण मानू ते परत येण्यासारखे होते, आणि जे गेल्याची कोणाला शंकाही आली नसती ते कायमचे गेले होते.

उंदरावरून माणसाविषयी बोलताना जपून बोलावे, हेही मला माझ्या सहकाऱ्यांनी बजावले आहे. गिनीपिग हा उंदराचा दूरचा नातलग. त्याला तीच वाफ दिली तर त्याचे कान शाबूत राहतात, कारण त्याचे शरीर या द्रवाची विल्हेवाट निराळ्या रीतीने लावते. मग माणूस कोणाच्या जातीचा? ब्राझीलमधील छापखान्यांत काम करणाऱ्या मजुरांची पाहणी १९९० नंतरच्या दशकात झाली; तीत असल्या द्रवांच्या वाफेत आणि गोंगाटात काम करणाऱ्यांमध्ये बहिरेपणाचे प्रमाण अधिक आढळले. उंदरांतही टोल्यूईनच्या मागोमाग मोठा आवाज दिला तर दोहोंची हानी बेरजेहून जास्त होते. वाफ आणि गोंगाट! पंक्चरच्या दुकानात हवा भरण्याचे यंत्र दिवसभर धडधडत असते, हे मला त्या ओळी वाचताना आठवले.

कानाखेरीज दुसऱ्याही गोष्टी या प्रयोगांतून पुढे आल्या आहेत. १९९८ साली सिल्व्हिया क्रूझ व त्यांचे सहकारी यांनी असे दाखविले की, मेंदूतील पेशी एकमेकींशी बोलताना ज्या द्वारांचा उपयोग करतात, त्यांपैकी शिकण्याच्या व लक्षात ठेवण्याच्या कामी येणारे एक महत्त्वाचे द्वार टोल्यूईनमुळे अडते. दुसऱ्या एका तऱ्हेच्या प्रयोगात दोन दालनांची पेटी घेतात. एका दालनात उंदराला वाफ मिळते, दुसऱ्यात साधी हवा. काही दिवसांनी वाफ अगदी बंद करून मधला दरवाजा उघडला, तर उंदीर वाफेच्या दालनातच जाऊन बसू लागतो. तेथे आता काही नसते. असते ती फक्त जागा. व्यसन सुटलेला मुलगा पुन्हा त्याच फलाटाच्या टोकाला का जातो, हे कोडे पुष्कळ परोपकारी मंडळींना पडते आणि ‘इतके केले तरी पुन्हा तेथेच’ म्हणून ती निराश होतात. त्यांना या पेटीची माहिती असती तर ती निदान रागावली नसती.

या बिचाऱ्या प्राण्यांविषयीही एक वाक्य लिहिणे भाग आहे. ज्या उंदराच्या मूर्तीला आपण गणपतीबरोबर मखरात बसवितो, त्याला काचेच्या पेटीत बहिरे करावे, हे मला वाचताना सुखाचे वाटले नाही. आपल्या देशात १९६० च्या कायद्याने व १९९८ च्या नियमांनी अशा प्रयोगांवर समित्यांची देखरेख ठेवली आहे, ते योग्यच आहे. परंतु जे ज्ञान त्यांच्या कानांच्या मोलाने आले, ते कपाटात पडून राहावे आणि पोरांनी मात्र ‘ऐकत नाही’ म्हणून मार खावा, ही गोष्ट मला प्रयोगाहूनही अधिक क्रूर वाटते.

हे सारे डोक्यात घोळत असताना मी लातूरला बहिणीकडे गेलो होतो. लातूर हे हल्ली विद्येचे मोठे पेठगाव झाले आहे. ‘लातूर पॅटर्न’चे नाव महाराष्ट्रभर गाजते, खेडोपाडीची हजारो मुले तेथे खोल्या घेऊन राहतात आणि पहाटेपासून शिकवणीच्या वर्गांना धावतात. या गावी प्रत्येक मुलाचा प्रत्येक गुण मोजला जातो. माझे मेव्हणे तेथे मुख्याध्यापक होते. आता निवृत्त आहेत. त्यांची शिस्त प्रसिद्ध आहे. रात्री जेवणानंतर मी उंदरांचे पुराण लावले. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘प्राध्यापकसाहेब, तुमचे हे शास्त्र उद्या शाळेत शिरले तर आम्ही शिकवावे कसे? नापास झालेला प्रत्येक मुलगा म्हणेल, माझ्या मेंदूचे द्वार अडले होते. चोर म्हणेल, माझी पेशी गेली होती. मग जबाबदारी म्हणून काही उरते की नाही? उंदराला इच्छा नसते, माणसाला असते.’

हा आक्षेप पोकळ नाही. शिक्षकाने मुलाला जबाबदार धरले नाही तर तो त्याला माणूसच धरीत नाही, असे मेव्हण्यांचे म्हणणे होते, आणि ते मला मान्य आहे. मी एवढेच म्हणालो की, उंदराचे संशोधक काही त्याला क्षमा करावयास निघाले नव्हते. त्यांनी फक्त प्रश्नांची क्रमवारी लावली. घंटा पोचली काय, हा पहिला प्रश्न. पोचली असूनही चढला नाही, तर का नाही, हा दुसरा. आपण शिक्षक मंडळी दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो. जबाबदारी धरावी, परंतु घंटा वाजल्याची खात्री करून मग धरावी.

मेव्हणे पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत. ताईने सुपारी आणून ठेवली. मग ते आपण होऊन बोलू लागले. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे आपापल्या दगडामातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर त्या भागातील काही मुले त्यांच्या शाळेत आली. त्यांतील एक मुलगा वर्गात बसेना. व्हरांड्यात बसे, झाडाखाली बसे. आत ये म्हटले की दाराशी थबके. त्या वर्गाच्या शिक्षकांनी त्याच्याविषयी जो शेरा लिहून पाठविला, तो दोनच शब्दांचा होता: ‘ऐकत नाही.’ मेव्हण्यांनी तो शेरा वाचला आणि मुलाला बोलावून विचारले. मुलगा म्हणाला, ‘गुरुजी, वर माळवद आहे.’ छत सिमेंटचे होते; परंतु त्याच्या लेखी डोक्यावरचे प्रत्येक छत माळवदच झाले होते. त्यांनी पुढचे दोन महिने तो वर्ग पटांगणात भरविला.

‘मग मी निराळे काय सांगत आहे?’ मी विचारले.

‘निराळे काही नाही,’ ते म्हणाले. ‘पण तो भूकंप साऱ्या जगाला माहीत होता. तुमच्या त्या दुकानातल्या पोराचा भूकंप कोणाला दिसणार?’

या प्रश्नावर मला उत्तर सुचले नाही. नांदेडला परतल्यावर मी व माझे सहकारी उस्तादाकडे गेलो. सहकाऱ्यांनी प्रथम एक साधा खेळ केला. पोराच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी हळू आवाजात एकेक शब्द उच्चारला आणि तो परत म्हणावयास सांगितले. ‘मामा’ त्याने बरोबर म्हटले. ‘ओवा’ बरोबर म्हटले. ‘सात’ला तो ‘आठ’ म्हणाला. ‘शेत’ आणि ‘फूस’ त्याला कळलेच नाहीत. स, श, फ, त या व्यंजनांचा ध्वनी वरच्या पट्टीतला व क्षीण असतो. आ, ओ, म हे खालच्या पट्टीतले व भरदार. वरचे स्वर गेलेल्या कानाला हाक ऐकू येते, आवाज ऐकू येतो, बोलणारा रागावला आहे हेही कळते. कळत नाही ते नेमके काय म्हटले एवढेच. उस्ताद तोंडाने ‘सात’ म्हणत होता. पोराच्या कानी ‘आ’ पडत होता आणि उरलेला शब्द तो बिचारा अंदाजाने पुरा करीत होता. उस्ताद हे पाहून गप्प उभा राहिला.

पुढे सरकारी रुग्णालयात त्याचे कान यंत्राने तपासले. दोन्ही कानांत वरच्या स्वरांचा दोष निघाला. कारण विचारले तर तपासणाऱ्या बाईंनी स्पष्ट सांगितले की, यंत्र कारण सांगत नाही. सुलेशन असेल, हवेच्या यंत्राचा गोंगाट असेल, लहानपणी कान फुटला असेल, किंवा जन्माचेच असेल. मला हे उत्तर आवडले. मी वाचलेल्या निबंधांनी मला एक शंका दिली होती. पुरावा दिला नव्हता. परंतु मुलगा मुद्दाम चुकत नव्हता हे ठरण्यास कारण ठरण्याची आवश्यकता नव्हती.

उस्तादाने त्याला सुलेशनवरून काढून चाकांचा आऊट काढण्याच्या कामावर बसविले. आता तो काही सांगावयाचे झाल्यास समोर जाऊन बोलतो आणि पान्याचा नंबर बोटांनी दाखवितो. हुंगणे एका दिवसात सुटले असे मी लिहिले तर ते खरे होणार नाही. व्यसनमुक्तीच्या डॉक्टरांकडे जाणे सुरू झाल्यावरही पोरगा दोनदा नाहीसा झाला आणि दोनदा परत आला. दुसऱ्या वेळी परत आला तेव्हा उस्तादाने काही विचारले नाही. फक्त चाक पुढे सरकविले. आशेला जागा नाही असेही नाही. ऑस्ट्रेलियातील आदिवासी वस्त्यांत पेट्रोल हुंगण्याची साथ होती. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की, दोन वर्षे त्यापासून दूर राहिलेल्या पुष्कळांच्या स्मरणात व हालचालींत सुधारणा झाली. त्याच वर्षापासून तेथे टोल्यूईनसारखे घटक कमी असलेले पेट्रोल त्या भागात विकण्यास सुरुवात झाली, आणि जेथे ते गेले तेथे हुंगणारांची संख्या उतरली. उपदेशाने जे झाले नव्हते ते पेट्रोल बदलल्याने बऱ्याच अंशी झाले.

एक गोष्ट मात्र मनाला लागून राहिली आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत ऐकण्याच्या दोषाचाही समावेश आहे. परंतु ही तपासणी अंगणवाडीत आणि सरकारी व अनुदानित शाळांत होते. शाळा सोडून दुकानात बसलेल्या, फलाटावर राहिलेल्या पोरापर्यंत ती पोचावी कशी? ज्याला नीट ऐकू येत नाही तो वर्गात मागे पडतो, मागे पडला की शाळा सोडतो, आणि शाळा सोडली की कान तपासणाऱ्यांच्या यादीतून त्याचे नाव जाते. लातुरात प्रत्येक गुणाचा हिशेब ठेवणारे आम्ही लोक, या मुलांच्या बाबतीत पटावरचे नाव कमी करून मोकळे होतो.

म्हणून माझी शिक्षकबंधूंना, दुकानदारांना आणि आईबापांना एक विनंती आहे. तीत खर्च नाही, यंत्र नाही. ‘ऐकत नाही’ असा शेरा लिहिण्यापूर्वी त्या मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे, त्याला आपले ओठ दिसू देऊ नयेत, आणि हळू आवाजात दहा शब्द म्हणावेत. सात, साठ, शेत, फूस, असे काही शब्द त्यांत अवश्य असावेत. मुलाने दहाच्या दहा बरोबर म्हटले, तर मग शेरा खुशाल लिहावा. चुकले, तर त्याला कानाच्या डॉक्टरकडे न्यावे, आणि तो हल्ली कोठे बसतो, त्याच्या हाताला कसला वास येतो, याचीही मायेने चौकशी करावी. या परीक्षेला पाच मिनिटे लागतात.